कचऱ्यापासून वीज आणि गोव्यातला मिथेनचा हिशेब

बार्देशातल्या एका पंचांनी तीन प्रश्न विचारले आहेत. कचऱ्यापासून तयार होणारी वीज कोळशाच्या विजेपेक्षा खरोखर स्वच्छ असते का? गोव्याने सगळा कचरा जाळून वीज करणारा एकच मोठा प्रकल्प उभारावा का? आणि त्यांच्या वाड्यावरच्या शंभर फ्लॅटच्या सोसायटीला आपल्यापुरता गॅस प्रकल्प करून त्यावर वीज काढता येईल का? ग्रामसभेत यावर बराच वेळ खडाजंगी झाली, पण आकडे कुणाकडेच नव्हते, असंही ते लिहितात. मी ओल्या कचऱ्याच्या बायोगॅस प्रकल्पांवर काम करतो, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे उघड आहे. म्हणून गणित मांडूनच उत्तर देतो. पटलं नाही तर आकडे बदलून तुम्हीच पुन्हा करून पाहा.

आधी हिशेबाची रीत. कचऱ्याच्या विजेचा कार्बन मोजायला तीन रकाने लागतात. हा कचरा प्रकल्पात आला नसता तर कुठे गेला असता आणि तिथे किती मिथेन सुटला असता, हा पहिला. प्रकल्पाच्या चिमणीतून, टाक्यांतून, इंजिनातून काय बाहेर पडतं, हा दुसरा. आणि तयार झालेल्या विजेमुळे दुसरीकडची किती वीज वाचली, हा तिसरा. माहितीपत्रकांत आणि उद्घाटनाच्या भाषणांत तिसराच रकाना असतो, कारण मेगावॉट ऐकायला बरे वाटतात. प्रत्यक्षात ओल्या कचऱ्याच्या बाबतीत तो पहिल्यापुढे अगदीच लहान असतो.

पहिला रकाना मांडू. हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीची, म्हणजे आयपीसीसीची, ठरलेली पद्धत आहे. एक टन खरकट्यात साधारण १५० किलो कार्बन. त्यातला निम्मा कुजतो, आणि हवा न मिळता कुजला तर त्याच्या निम्म्याचा मिथेन होतो. हे गुणाकार करून मिथेनमधल्या हायड्रोजनचं वजन मिळवलं की टनामागे ५० किलो मिथेन निघतो. पण ही झाली पूर्ण हवाबंद कचराभूमी. ढीग पाच मीटरपेक्षा उंच असेल तर यातले ऐंशी टक्के धरायचे, म्हणजे ४० किलो. उथळ, पसरलेला ढीग असेल तर चाळीस टक्केच, म्हणजे २० किलो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापदायक. तेव्हा उंच ढिगात टाकलेलं एक टन खरकटं म्हणजे जवळजवळ ११०० किलो कार्बन डायऑक्साइड, आणि उथळ ढिगात साडेपाचशेच्या आसपास. वीस वर्षांचाच काळ धरला तर मिथेनचा गुणक ऐंशीच्या घरात जातो, मग आकडे जवळपास तिप्पट. मडगावजवळच्या सोनसडोसारखा कचऱ्याचा डोंगर आणि रस्त्याकडेला पसरलेला कचरा यांत हा फरक आहे. डोंगर जास्त वाईट, हे लोकांना आधी पटत नाही, कारण डोळ्यांना रस्त्याकडेचाच खुपतो.

आपल्याकडच्या हवेत हे सगळं भराभर होतं. उष्ण आणि दमट प्रदेशात खरकट्यातला कुजण्याजोगा भाग दोनेक वर्षांतच निम्मा संपतो. म्हणून ‘जुन्या ढिगात पाइप घालून गॅस काढू आणि वीज करू’ ही सूचना गोव्यात कुणी केली की मी हात जोडतो. दहा-पंधरा वर्षांच्या थरांतला गॅस केव्हाच उडून गेलेला असतो, शिवाय अस्तर नाही, झाकण नाही, म्हणजे उरलेला धरून ठेवायलाही काही नाही. जुन्या ढिगाला चाळून, सुटं करून मोकळं करणं हाच इलाज. २०१९ मध्ये सोनसडो पेटला तेव्हाचा धूर मडगाव-फातोर्ड्याने पाहिला आहे. तसा धूर कुठल्याही हिशेबात नीट बसत नाही, पण तोही पहिल्याच रकान्यातला खर्च आहे.

आता बायोगॅसचा मार्ग. साळगावच्या पठारावरचा प्रकल्प २०१६ मध्ये सुरू झाला, दक्षिण गोव्यात काकोड्याला दुसरा आला. दोन्हीकडे ओला कचरा हवाबंद टाकीत कुजवायचा आणि गॅस इंजिनवर चालवायचा, हेच सूत्र. चांगला वेगळा केलेला एक टन ओला कचरा साधारण १०० घनमीटर गॅस देतो. त्यात ५५ ते ६० टक्के मिथेन असतो. एक घनमीटर गॅसमागे इंजिन दोन युनिट वीज देतं, म्हणजे टनाला २०० युनिट. त्यातली चतुर्थांश वीज प्रकल्पाचे पंप, क्रशर, ढवळणी, पंखे हेच खातात. हातात उरतात १५० युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकड्यांप्रमाणे देशाच्या ग्रीडमधल्या, म्हणजे सामाईक वीजजाळ्यातल्या, एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. गोव्याची वीजही बहुतेक याच ग्रीडमधून येते. दीडशेला ०.७ ने गुणलं की १०५ किलो. ही झाली विजेची कमाई. आणि तोच टन उंच ढिगात न गेल्यामुळे वाचले ते ११०० किलो. वीज अजिबात केली नाही, सगळा गॅस नुसता जाळून टाकला, तरी नव्वद टक्के फायदा पदरात पडतोच.

म्हणजे वीज निरुपयोगी असं नाही. प्रकल्पाचं स्वतःचं बिल त्यातून सुटतं, आणि इंजिन चालू ठेवायला कुणालातरी पैशाचं कारण हवंच असतं. पण कार्बनच्या नावाने प्रकल्प जोखायचा असेल तर किती युनिट झाली हे विचारण्याआधी किती गॅस गळतो हे विचारा. गणित सोपं आहे. टनामागच्या गॅसमध्ये सुमारे ४० किलो मिथेन. त्यातला दहा टक्के गळला तर ४ किलो, गुणिले २८, म्हणजे ११२ किलो. विजेची सगळी कमाई गेली, वर थोडं देणं लागलो.

गळतो कुठून? टाकीच्या छताच्या जोडांतून थोडा, पाइपांच्या फ्लँजमधून थोडा. पण मोठी गळती बहुतेकदा दोन ठिकाणी असते, आणि दोन्ही जागा पाहुण्यांना दाखवत नाहीत.

एक म्हणजे इंजिन बंद असतानाचा गॅस. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, झाडाची फांदी तारेवर आली, लाइन गेली. ग्रीडला जोडलेलं इंजिन सुरक्षेसाठी आपणहून बंद पडतं. टाकीतल्या जिवाणूंना त्याचं काय! ते गॅस करतच राहतात. गॅसचा फुगा काही तासांत भरतो, दाब वाढतो, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो. पाण्याच्या सीलमधून गॅस बुडबुडत बाहेर पडायला लागला की जवळ उभं राहिल्यावर कुजक्या अंड्याचा वास येतो. वास हायड्रोजन सल्फाइडचा. मिथेनला स्वतःला वास नाही, त्यामुळे सल्फर काढल्यानंतरच्या लाइनमधून गळला तर नाकाला पत्ताही लागत नाही. अशा वेळी फ्लेअर, म्हणजे जादा गॅस जाळून टाकणारी मशाल, पेटला पाहिजे. फ्लेअर सगळ्या आराखड्यांत असतो. तो पेटतो का, त्याचा इग्नायटर पावसाळ्यात चालतो का, आणि तो किती तास चालला याची वही आहे का, हे विचारा. वही नसेल तर कार्बन वाचवल्याचा कुठलाही दावा मी तरी मान्य करणार नाही.

दुसरी जागा स्लरीची, म्हणजे कुजून झालेल्या पातळ लगद्याची. टाकीतून बाहेर पडणारी स्लरी अजून ‘जिवंत’ असते. उघड्या हौदात ठेवली की उरलेला मिथेन सावकाश हवेत सोडत बसते. टाकीत कचरा पुरेसे दिवस राहू दिला नाही, जास्त माल कोंबला, तर हे प्रमाण वाढतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कळंगुट-कांदोळीकडून येणाऱ्या गाड्यांची रांग लागते तेव्हा नेमका हाच मोह होतो. हौदावर झाकण घालून तिथला गॅसही परत ओढून घ्यायचा, हा उपाय आहे आणि तो महागही नाही, पण निविदेत लिहिलेला नसेल तर कुणी करत नाही.

गोव्याचा ओला कचरा टाकीला चांगला मानवतो, फक्त त्याचे नखरे आहेत. तापमान ३५ ते ३८ अंश ठेवायचं असतं. युरोपात त्यासाठी गॅसचा मोठा वाटा टाकी गरम करण्यात जातो, इथे थोडक्यात भागतं. मासळीने गॅस भरपूर मिळतो, पण सोबत अमोनिया आणि सल्फरही वाढतो. मासेमारीबंदी जून-जुलैमध्ये, त्याला लागूनच श्रावण, मग चतुर्थी. हे दिवस स्क्रबरला, म्हणजे गॅसमधला सल्फर काढणाऱ्या यंत्राला, विश्रांतीचे. चतुर्थी सरली, लोकांनी उपास फेडले, की सल्फरचा आकडा पुन्हा वर चढायला लागतो. प्रयोगशाळेच्या वहीत पंचांग वाचता येतं म्हणा ना. मे महिन्यात आंबा-फणस येतात आणि साखरेमुळे टाकी आंबट होऊ पाहते, तेव्हा माल कमी करून आम्लता रोज तपासावी लागते. आणि तळाशी काय साचतं ते टाकी साफ करायला उघडल्याशिवाय कळत नाही: वाळू, आंब्याचे बाठे, आणि तिसऱ्या-खुब्यांच्या शिंपल्यांचा हातभर जाड थर, फावड्याने न हलणारा. तेवढी टाकीची जागा कमी झालेली असते, म्हणजे कचरा टाकीत कमी दिवस राहतो, म्हणजे हौदातून जास्त मिथेन. शहाळी आणि नारळाची सोडणं तर आत घालूच नयेत. त्यांचं लाकूड जिवाणूंना पचत नाही; ती तासून आच्छादनाला किंवा जळणाला द्यावीत.

आता जाळून वीज करण्याबद्दल. पंचांनी विचारलेला मोठा प्रकल्प म्हणजे हाच. इथे दोन गोष्टी आडव्या येतात, पाणी आणि प्लास्टिक.

कचऱ्यातल्या प्रत्येक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. आपल्या मिश्र कचऱ्यात निम्म्याहून अधिक पाणी, आणि पावसाळ्यात उघड्या गाडीतून आला तर विचारूच नका. दिल्लीत तिमारपूरला १९८७ मध्ये डेन्मार्कच्या मदतीने असा प्रकल्प उभा राहिला, आणि कचऱ्यात अपेक्षेइतकी उष्णताच नसल्याने थोड्याच दिवसांत बंद करावा लागला. तंत्र युरोपात चाललेलंच होतं, पण तिथला कचरा कोरडा, कागद-पुठ्ठ्याचा. तेव्हापासून भट्ट्या सुधारल्या, कचऱ्यात प्लास्टिकही वाढलं, त्यामुळे आज देशात असे प्रकल्प चालतात. पण ते ज्याच्या जोरावर चालतात ते प्लास्टिकच.

आणि प्लास्टिक म्हणजे खनिज तेल. एक किलो पॉलिथिन जाळलं की ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड, पाण्याच्या बाटलीचं पेट जाळलं तर २.३ किलो. खरकटं, कागद, लाकूड यांचा कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला म्हणून हिशेबात शून्य धरतात. प्लास्टिकचा तसा धरता येत नाही. मिश्र कचऱ्याच्या एका टनात १०० किलो प्लास्टिक धरलं, वर थोडं रबर, नायलॉन-पॉलिएस्टरचे कपडे, तर चिमणीतून जवळपास ३०० किलो खनिज कार्बन डायऑक्साइड. त्या बदल्यात निव्वळ वीज किती? कचरा बऱ्यापैकी कोरडा असेल तर साडेतीनशे ते चारशे युनिट, ओला असेल तर अडीचशे-तीनशे. म्हणजे युनिटमागे ०.७५ ते १.२ किलो. कोळशाच्या केंद्रातलं युनिट एक किलोच्या आसपास असतं. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की जाळून केलेली वीज, नुसती वीज म्हणून पाहिली तर, कोळशाच्याच रांगेत बसते आणि आजच्या ग्रीडच्या सरासरीपेक्षा वाईट ठरते.

मग असे प्रकल्प कार्बन वाचवल्याचा दावा करतात तो कशावर? पुन्हा पहिल्याच रकान्यावर. मिश्र कचरा ढिगात जाणार होता, तो जाळला, त्यातल्या खरकट्याचा मिथेन टळला. दिल्लीत, जिथे तो खरंच डोंगरावर जातो, तिथे हा दावा चालतो. गोव्यात तो लंगडा पडतो. पणजीने खूप आधीपासून घरोघरी वेगळा कचरा घेण्याची सवय लावली, आणि ओला कचरा आज कुजवण्याच्या प्रकल्पांकडे जाऊ शकतो. एकदा खरकटं तिकडे गेलं की भट्टीसाठी उरतो सुका कचरा, आणि सुक्या प्लास्टिकातून ढिगात मिथेन होतच नाही. टळण्यासारखं काही उरलं नाही, मग राहतो फक्त चिमणीचा रकाना. मोठ्या भट्टीला रोज ठरलेला माल लागतो. तो भरायला वेगळा केलेला ओला कचरा पुन्हा सुक्यात मिसळला गेला, तर इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात. करारात किमान कचऱ्याची अट असेल तर पंचायतीने ती नीट वाचावी.

शिवाय असा प्रकल्प पंचवीस वर्षांसाठी उभा करतात. ग्रीडमध्ये सौर वीज वाढत जाईल तसा ०.७ चा आकडा खाली येईल, म्हणजे तिसऱ्या रकान्यातली कमाई दरवर्षी घटेल. चिमणीतले ३०० किलो मात्र तिथेच राहतील. बायोगॅसलाही ही घट लागू आहे, पण त्याचा फायदा मुळात विजेवर उभा नाही.

राखेचंही सांगतो. जाळलेल्या कचऱ्याच्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाएवढी जड राख उरते. चिमणीच्या गाळणीत अडकलेली बारीक राख टनामागे वीस-चाळीस किलोच असते, पण तिच्यात जड धातू आणि डायॉक्सिन ही जळताना तयार होणारी विषारी रसायनं साचलेली असतात, तिला घातक कचऱ्याच्या जागीच न्यावं लागतं. डायॉक्सिनची मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम आहे. ती पाळता येते. भट्टी एकसारखी तापलेली राहिली तर. ओला-सुका माल आलटूनपालटून आला, भट्टी थंड-गरम होत राहिली, की तिथेच गडबड होते.

गोव्याचा न विकला जाणारा सुका कचरा सध्या गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जातो. ‘आपला कचरा दुसऱ्याच्या दारात’ म्हणून यावर टीका होते, ती भावना समजू शकतो. कार्बनच्या अंगाने मात्र मला हा मार्ग बरा वाटतो. विजेच्या भट्टीत उष्णतेचा पाचवा-चौथा भागच वीज होतो, बाकी हवेत. सिमेंटच्या भट्टीत तीच उष्णता थेट कोळशाच्या जागी वापरली जाते आणि राखही क्लिंकरमध्ये, म्हणजे सिमेंटच्या भाजलेल्या कच्च्या मालात, सामावते. किलोला ३००० किलोकॅलरीचा माल असेल तर त्याचा एक टन जेवढा कोळसा वाचवतो, त्यातून एक टनाहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड निघाला असता. त्यातून मालातल्या प्लास्टिकचा कार्बन वजा करा. ट्रकचं डिझेल? चारशे किलोमीटर जाणं आणि रिकामं परतणं धरलं तरी टनामागे ८० किलोच्या आसपास. लांबचा प्रवास म्हणून लोक त्यालाच मोठा खर्च समजतात, तसा तो नाही. गठ्ठे भिजलेले गेले तर मात्र आपण डिझेल जाळून पाणी घाटावर चढवतो. शेडवर पत्रे घालायचे पैसे इथे वसूल होतात.

विजेचा आवाका किती, तेही एकदा पाहून ठेवा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४.५८ लाख. माणशी रोज २०० ग्रॅम ओला कचरा धरला तर २९० टन. टनाला १५० युनिट म्हणजे दिवसाला सुमारे ४३,५०० युनिट, चोवीस तासांत वाटली तर पावणेदोन मेगावॉटच्या आसपास. पर्यटकांचा कचरा धरून दुप्पट करा. राज्याची मागणी शेकडो मेगावॉटमध्ये आहे. कचऱ्यावर गोवा उजळेल असं कुणी म्हणत असेल तर त्याला हे गणित दाखवा.

आता सोसायटीचा प्रश्न, आणि इथे माझं मत ठाम आहे: वीज करू नका. शंभर फ्लॅटचा ओला कचरा रोज सत्तर किलो धरू. लहान टाकीत त्यातून पाच-सहा घनमीटर गॅस मिळेल. छोटं इंजिन लावलं तर सात-आठ युनिट वीज, म्हणजे जेमतेम एका फ्लॅटपुरती. छोट्या इंजिनांना सल्फर सोसत नाही; तेल काळं पडतं, व्हॉल्व्ह खराब होतात, आणि सहा महिन्यांत ते कोपऱ्यात ताडपत्रीखाली जातं. तोच गॅस चुलीवर वापरा. एक घनमीटर गॅस सुमारे ०.४५ किलो एलपीजीच्या बरोबरीचा, म्हणजे रोज अडीच किलो, पाच-सहा दिवसांत एक सिलिंडर. कार्बनही जास्त वाचतो: एलपीजीच्या किलोमागे ३ किलो धरून रोज साडेसात किलो, विजेने वाचले असते पाच.

गॅस कुणाच्या चुलीवर, हा मात्र खरा अडथळा. शंभर घरांना पाइप नेणं परवडत नाही. शेजारी एखादं उपाहारगृह, खानावळ, शाळेचं माध्यान्ह आहाराचं स्वयंपाकघर असेल आणि ते रोज गॅस घेणार असेल, तरच टाकी बसवा. रविवारी आणि सुट्टीत गॅस कोण जाळणार तेही आधीच ठरवा. गिऱ्हाईक नसेल तर टाकीच्या भानगडीत न पडता कंपोस्ट करा. आयपीसीसीच्या आकड्यांप्रमाणे कंपोस्टमधूनही टनामागे सुमारे ४ किलो मिथेन आणि थोडा नायट्रस ऑक्साइड सुटतो, मिळून १८० किलोच्या आसपास. चांगल्या चाललेल्या बायोगॅसपेक्षा ते दोन-अडीचशे किलोंनी मागे पडतं, पण ढिगातल्या ११०० किलोंपेक्षा कितीतरी बरं. आणि गळक्या, दुर्लक्षित टाकीपेक्षा तर नक्कीच. पावसाळ्यात कंपोस्टवर छप्पर हवं आणि सुक्या पानांचा किंवा सोडणांच्या भुशाचा साठा मे महिन्यातच भरून ठेवावा; ऐन जुलैत कोरडं पान मिळत नाही.

पंचायतीने उद्या एखाद्या प्रकल्पाला ना-हरकत द्यायची झाली, तर मेगावॉटचा फलक बाजूला ठेवून चार कागद मागावेत: मागच्या वर्षाची फ्लेअर-तासांची वही, इंजिन किती तास बंद होतं त्याची नोंद, स्लरीच्या हौदावर झाकण असल्याचा आराखडा, आणि आलेल्या ओल्या कचऱ्यात सुका किती निघाला त्याची रोजची टक्केवारी. नवा प्रकल्प असेल तर त्याच कंत्राटदाराच्या जुन्या प्रकल्पाचे मागा. शेवटचा कागद खरं तर आपलाच निकाल आहे, तो आपल्या वाड्यावरून सुरू होतो. पण पहिले तीन त्याने दिलेच पाहिजेत.